आज्जी म्हणाली, घोंगडीला भोक कुणी पाडलं?

(ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलतानाचं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मी सोलापुरातून बोलतेय, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातून. मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, आमचा स्टुडिओ म्हणजे घरातली आतली खोलीच आहे.

आजचा विषय एका पोंचोपासून सुरू झाला. मागच्या डिसेंबरात मी ऑनलाइन एक पोंचो मागवला. म्हणजे डोक्यातून घालायचं, खांद्यावरून चारी बाजूंनी खाली येणारं ते लोकरी पांघरूण. मनालीला गेलेल्या प्रत्येक मुलीच्या रीलमध्ये असतं, तेच. १,४९९ रुपये. आता सोलापुरात थंडी असते किती? पहाटेचे दोन तास. पण घ्यायचा होता, घेतला. घालून बाहेरच्या खोलीत आले. आज्जी कॉटवर बसली होती. तिनं मला खालीवर बघितलं, पोंचोचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाली, "घोंगडीला मधी भोक कुणी पाडलं गं?"

सगळे हसलो. पप्पा तर डोळे पुसत होते. मग आज्जीनं सहज विचारावं तसं विचारलं, "आन् तुज्या आज्याची घोंगडी कुटं हाय? पुण्याला दिलती ती."

मी गप्प.

सांगते काय झालं होतं. आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यात. आजोबा मेंढका. पप्पांनी मेंढरं सोडली, सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात लागले. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा आज्जीनं आजोबांची घोंगडी माझ्या बॅगेत कोंबली. हॉस्टेलवर मी ती एकदाच उघडली. पावसाळ्याचे दिवस, खोली दमट, आणि घोंगडीला मेंढराचा वास आला. रूममेट म्हणाली, "कसला वास येतोय गं?" मी म्हणाले, "काय माहीत!" दुसऱ्या दिवशी ती घोंगडी मी हॉस्टेलच्या वॉचमन काकांना देऊन टाकली. खरं सांगू का, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज्जीला मी सांगितलं, "पुण्यातच राहिली." शब्दशः बघितलं तर खोटं नाही. पण ते खोटंच होतं. म्हणून ठरवलं, आज्जीला नवी घोंगडी आणून द्यायची. आजचा भाग त्या शोधाचा आहे.

आधी पोंचोचं बघू. कारण आज्जीचा प्रश्न बरोबर की चूक, हे मला शोधायचंच होतं. पोंचो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर हा सगळा पट्टा. तिथं उंचावर लामा आणि अल्पाका पाळतात, उंटाच्या कुळातले पण बिनकुबडाचे प्राणी. त्यांची लोकर, आणि स्पॅनिश लोक आल्यावर मेंढीचीही. माग छोटा असतो. त्याचं एक टोक खांबाला आणि दुसरं विणणाऱ्याच्या कमरेला बांधलेलं. त्यामुळे कापड अरुंद निघतं. मग असे दोन पट्टे शेजारी ठेवून शिवतात आणि मधे डोकं जाईल एवढी फट न शिवता सोडतात. म्हणजे आज्जी चुकली. भोक पाडलेलं नसतं, सोडलेलं असतं.

पण ओळखायला ती चुकली नव्हती. तिकडं डोंगरात थंडी-वाऱ्यात जनावरांमागं हिंडणारा माणूस, इकडं माणदेशात उन्हापावसात मेंढरांमागं हिंडणारा माणूस. दोघांना घर पाठीवर घेऊन चालायचंय. दोघांनी एक चौकोनी लोकरीचं कापड घेतलं. त्यांनी त्यात डोक्याला जागा ठेवली, आपल्यांनी खोळ केली. घोंगडी लांबीत दुमडायची, एका टोकाचा कोपरा आत दाबून टोपीसारखा आकार करायचा आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडायची. पाऊस आला की खोळ, रात्री अंथरूण आणि पांघरूण दोन्ही, पाहुणा आला की बैठक. जन्मलेलं कोकरू थंडीनं काकडत असेल तर त्यालाही त्यातच गुंडाळायचं. माझा पोंचो यातलं एकही काम करणार नाही. त्याच्या आतल्या लेबलवर लिहिलं होतं: शंभर टक्के ॲक्रिलिक. म्हणजे ना अल्पाका, ना मेंढी. प्लास्टिकचा धागा.

आता एक गंमत. तुम्ही आयुष्यात घोंगडी बघितली नसेल, पण बोलताना रोज वापरता. एखादं काम लटकलं की आपण म्हणतो, भिजत घोंगडं पडलंय. का? कारण घोंगडी भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही. नको ती जबाबदारी आली की म्हणतो, नसतं घोंगडं गळ्यात पडलं. निवडणूक आली की पेपरात येतं, गावोगावी घोंगडी बैठका. पूर्वी खरंच चावडीवर घोंगडी पसरून बसायचे. आता प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, नाव तेवढं राहिलंय. आणि मेळाव्याला आलेल्या नेत्याच्या डोक्यावर पिवळा फेटा, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. फोटो झाला की घोंगडी गाडीच्या मागच्या सीटवर.

पुण्यात मला नेहमी विचारायचे, "सोलापूरची ना तू? चादर आण की!" सोलापुरी चादर जगाला माहीत आहे, तिला जीआय मानांकन आहे, आणि आमच्या घरची चूलच तिच्यावर पेटली. पण ती सुती. आमच्याच जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माळशिरस भागात लोकरीचं एवढं काम होतं, हे मला कुणी कधी विचारलं नाही. आणि मीही कधी सांगितलं नाही.

तर शोध. पहिली घोंगडी मी एका दुकानातून आणली. काळी, जाडजूड, पांढऱ्या काठाची. दुकानदार म्हणाला, "प्युअर लोकर, मॅडम." ९०० रुपये. घरी आणून आज्जीपुढं ठेवली. तिनं हात फिरवला आणि बाजूला सरकवली. "ही मेंढराची न्हाय." मी वाद घातला. तिनं काठाचा एक दोरा उपसला, देवापाशी गेली, काडी ओढली आणि दोरा पेटवला. तो वितळला, ठिबकला आणि त्याची कडक काळी गोळी झाली.

ही परीक्षा लक्षात ठेवा, फुकट आहे. खरी लोकर म्हणजे केसच. ती पेटवली की केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की लवकर विझते आणि राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर वितळतं आणि त्याची गोळी होते, चुरत नाही. धाग्याचा एक छोटा तुकडाच घ्या, चिमट्यात धरा आणि खाली पाणी ठेवा. आमच्या आज्जीसारखं हातात धरू नका. बाजारात स्वस्त मिळणारा बराच माल जुने कपडे फाडून-पिंजून काढलेल्या धाग्याचा असतो, हरियाणातलं पानिपत त्या धंद्याचं मोठं केंद्र आहे. त्यात वाईट काही नाही, थंडीत गरिबाला तेच परवडतं. फक्त तो घोंगडी म्हणून विकू नये.

मग पप्पांनी ओळख काढली आणि आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावी गेलो. घर सणगराचं. सणगर म्हणजे पिढ्यानपिढ्या घोंगड्या विणणारे. धनगरांमध्ये खुटेकरही विणतात. मावशी सूत काढतात, काका विणतात. मुलगा चाकणला कंपनीत.

काकांनी सगळं दाखवलं. लोकर येते ती दख्खनी मेंढीची. काळी, काटक, कोरड्या माळावर तगणारी. कातरण्याआधी मेंढरं ओढ्याला धुतात. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ. जावळाची घोंगडी सगळ्यात भारी मानतात. मग लोकर पिंजायची, म्हणजे गुंता सोडवून मोकळी करायची. मग चरख्यावर सूत. ताण्याला खळ लावायची ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली. ती ताण्यावर कुंच्यानं सारवायची आणि उन्हात वाळवायची, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. मग खड्ड्यातला माग. विणणारा जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खड्ड्यात. रंग नाही. मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा, काळा, करडा, पांढरा.

नवी घोंगडी हातात घेतली तर पुठ्ठ्यासारखी कडक लागली, ती खळीमुळे. वापरून वापरून मऊ होते. आणि टोचते. का टोचते तेही वाचलं मी. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला टोचतो. मेरिनो मेंढीची लोकर याहून बरीच बारीक, म्हणून तिचे स्वेटर मऊ. चांगला अल्पाकाही बारीक. आपली दख्खनी जाड. पण तोच जाडपणा पावसात, काट्याकुट्यात, दगडावर आपटून टिकतो. आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून घोंगडीत घाम चिकचिकत नाही. आज्जी म्हणते ना, "उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार", त्यात तथ्य आहे.

आता यातला मला सगळ्यात जड जाणारा भाग. किंमत विचारली. मावशी म्हणाल्या, २,८००. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, २,००० ला द्या की."

पोंचोच्या १,४९९ ला मी घासाघीस केली होती? नाही. ॲपवर करायची कुणाशी!

मावशी चिडल्या नाहीत. बोटं मोजायला लागल्या. "हे बघ पोरी. पिंजून सूत काढायला आठ दिस. ताणा लावून खळ द्यायला एक दिस. ह्यांचं विणायचं तीन दिस. झालं किती?" बारा. "लोकर, धुणं, वरचा खर्च धर दोनशे. आता तूच भाग दे, शिकलीयंस न्हवं?"

मी मोबाइल काढला. २,६०० भागिले १२. दिवसाला २१६ रुपये. मावशी म्हणाल्या, "खुरपायला गेले तर ह्याच्यापेक्षा जास्त मिळत्यात. आन् पाठ एवढी दुखत न्हाय."

मी २,८०० दिले. त्यात काही मोठेपणा नाही, उलट लाज वाटली. कारण परत येताना हिशोब डोक्यातून जाईना. दिवसाला २१६ मध्ये मावशींची सून चरखा का धरेल? मुलगा चाकणहून परत का येईल? मीही आले नसते. आपण सहज म्हणून जातो, नवीन पिढीला कलेची आवड नाही. आवडीचा प्रश्नच नाही हो. गणिताचा आहे.

आणि या गणितात एक माणूस आलाच नाही, मेंढका. वाटेत काकांकडं, म्हणजे पप्पांच्या चुलतभावाकडं थांबलो. त्यांची अजून मेंढरं आहेत. मी विचारलं, "काका, लोकरीचं काय येतं?" ते हसले. "येतं कुठलं? जातं. कातरणाऱ्याला पैसे आपण द्यायचे, आन् लोकर टाकून द्यायची." एका मेंढीची एका वेळची लोकर भरते पाव ते अर्धा किलो. तिला गिऱ्हाईक नाही. पण कातरावी तर लागतेच, नाहीतर मेंढीला उन्हाचा त्रास, गोचिडांचा त्रास. मग काकांनी काय केलं? कळपात माडग्याळ आणले. माडग्याळ हे जतकडचं गाव, तिथली मेंढी उंच, बाकदार नाकाची, मटणाला चांगली. अंगावर लोकर फारशी नाही, आखूड केसच. काका काही चुकलेत का? अजिबात नाही. ज्याला पैसे मिळतात तेच माणूस पाळणार. पण असं घरोघरी झालं की दख्खनी कमी होते. दख्खनी कमी झाली की लोकर कमी, लोकर कमी की मावशींचा चरखा बंद. शेवटी घोंगडी उरणार ती फक्त सत्काराची.

दिवाळीला मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. पालख्यांची भेट होते तेव्हा भंडाऱ्याबरोबर, खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. लहानपणी मी ती केसांतून काढत बसायचे. आता विचार येतो, आपण देवावर उधळतो ती वस्तू एवढी मोलाची होती, आणि तीच आज ओढ्यात टाकतोय.

मग तिकडं अँडीजमध्ये काय झालं? तिथंही हेच होत होतं. स्वस्त कारखानी कापड आलं, पोरं शहरात गेली, जुन्या नक्ष्या म्हाताऱ्यांबरोबर चालल्या होत्या. पेरूमध्ये चिंचेरो गावच्या नील्दा काल्यान्याउपा या विणकर बाईंनी १९९६ साली कुस्कोमध्ये पारंपरिक वस्त्रांचं केंद्र उभं केलं. गावोगावच्या म्हाताऱ्या विणकरांकडून मुलांनी शिकायचं आणि माल केंद्रातून थेट विकायचा. टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावरच्या विणकामाला युनेस्कोनं २००५ साली मानवतेच्या वारशात घेतलं. तिथं टोप्या विणतात त्या पुरुष, सुयांवर. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष लामा-अल्पाकांच्या कुळाला दिलं होतं. २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष आहे, म्हणजे ते आपल्या मेंढक्यांचंही आहे.

पण तिथलं जसंच्या तसं इथं चालणार नाही, हेही सांगते. अल्पाका मऊ आहे, अंगाला लावून फिरता येतो. आपल्या घोंगडीचा पोंचो शिवला तर मान सोलून निघेल. दख्खनी लोकरीला तिचं स्वतःचं काम द्यावं लागेल. बसायची आसनं, गालिचे, पायपुसणी, पिशव्या, गादीखालचा थर, भिंतीला आवाज-उष्णता अडवणारे पट्टे. या दिशेनं काही जण लागलेतही. 'देसी ऊन' नावाची एक छोटी ॲनिमेशन फिल्म आहे, सुरेश एरियाट यांची, दख्खनी लोकर वापरूनच केलेली. २०२५ साली फ्रान्समधल्या आनेसी महोत्सवात तिला ज्युरी पुरस्कार मिळाला. ऊन म्हणजे हिंदीतली लोकर हं, आपलं सोलापूरचं ऊन नव्हे! जरूर बघा.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करायचं, प्रत्येकानं घोंगडी घ्यायची का? नाही. गरज नसेल तर नका घेऊ, कपाटात ठेवायला तर मुळीच नको. पण घ्यायची असेल तर तीन गोष्टी करा. एक, विणणाऱ्याकडून किंवा त्याच्या जवळच्या माणसाकडून घ्या आणि विचारा, लोकर कुठली, सूत कुणी काढलं. दोन, दोरा जाळून बघा. तीन, घासाघीस करायची असेल तर आधी मोबाइल काढा आणि भागाकार करा. आणि घेतल्यावर सारखी धुवू नका. उन्हात टाका, झटका, वास जातो. धुवायचीच झाली तर गार पाण्यात, पिळायची नाही. मग ती दोन दिवस का वाळत नाही, ते तुम्हाला आता माहीतच आहे.

आता शेवटचं. नवी घोंगडी आज्जीपुढं ठेवली. तिनं आधी वास घेतला. मग गालाला लावली. "टोचती," म्हणाली. "मेंढराचीच हाय." घडी मोडली, पायावर घेतली. आणि मग परत तेच, "आन् आज्याची?"

या वेळी मी खरं सांगितलं. वास येत होता, लाज वाटली, वॉचमन काकांना दिली. आज्जी थोडा वेळ काही बोलली नाही. मी वाट बघत होते, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "वाचमन रातचा भाईर बसतुया न्हवं?" मी म्हटलं, "हो." "मग बरं झालं. तुला काय, खोलीत गादी हुती."

नवी घोंगडी आता तिच्या कॉटवर असते. पोंचो माझ्या कपाटात आहे, अजून एकदाही बाहेर घालून गेले नाहीये.

तुमच्या घरात घोंगडी असेल तर आज रात्री घरातल्या मोठ्या माणसाला एवढंच विचारा, ही कुणी विणली, कितीला घेतली, कुठून आणली. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आपल्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवते. आणि हो, कुणाच्या हॉस्टेलच्या बॅगेत अशी एखादी घोंगडी असेल तर उन्हात टाका हो, देऊन टाकायच्या आधी.

चला, कुकर झाला. भेटू पुढच्या भागात.